अब्बांचे आकडे

आमच्या घरी रात्री जेवायला बसले की अब्बांना विचारावे लागते, ‘किती भाकरी?’ अब्बा डावा हात थोडा वर करतात आणि म्हणतात, ‘एक... दोन.’ दोनवर थांबतात. म्हणजे दोन भाकरी. नुसते ‘दोन’ त्यांना म्हणता येत नाही. एकपासून निघावे लागते, वाटेत दोन लागते, तिथे ते उतरतात.

सुरुवातीलाच एक सांगून टाकलेले बरे. आमच्या घरात उर्दू चालते आणि उर्दूत स्वतःला ‘हम’ म्हणायची सवय. तीच मराठीत येताना ‘आम्ही’ होते. शाळेत मराठीच्या तासाला मुले यावरून खुसूखुसू हसतात. पण इथे जे लिहायचे आहे ते खरोखरच आम्हा सगळ्यांचे आहे, अम्मीचे, आम्हा नवरा-बायकोचे, थोरलीचे आणि धाकट्याचे. म्हणून ‘आम्ही’च राहू द्यावे.

अब्बा दर्जी. बाजारपेठेत बेचाळीस वर्षे त्यांचे दुकान होते. गिऱ्हाईक बहुतेक मराठी, त्यामुळे मापे मराठीत. छाती अडतीस, बाही साडेतेवीस, कॉलर पंधरा. अब्बा टेप लावून आकडा पुकारायचे आणि आम्ही लहानपणी वहीत लिहायचो. आमचे मराठी आकडे शाळेत नव्हे, त्या दुकानात पक्के झाले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी फज्रची नमाज पढून अब्बा चहाला बसले. सहा वाजले होते. कप उजव्या हातातून निसटला आणि फरशीवर फुटला. अब्बा काहीतरी बोलले, पण ते शब्द नव्हते. तोंडाची एक बाजू जरा उतरल्यासारखी दिसत होती. आम्ही काय केले? रात्री झोप झाली नसेल, गॅस झाला असेल, अशक्तपणा असेल असे म्हटले. अम्मीने साखर-मिठाचे पाणी दिले, ते निम्मे ओठातून बाहेर आले. (अशा वेळी पाणी पाजणेही धोक्याचे असते, ते घशाऐवजी छातीत उतरू शकते, हे आम्हाला नंतर कळले.) हाताला तेल चोळले. शेजारच्या खालांनी वारे लागले म्हटले, तेही पटले. दोन शिकलेली, बी. एड. झालेली माणसे घरात असून दवाखाना उघडायची वाट पाहत साडेनऊपर्यंत बसलो. तिथून ‘ताबडतोब सोलापूरला न्या’ म्हटल्यावर गाडी केली. पोहोचलो तेव्हा अकरा वाजले होते.

डॉक्टर बाईंनी विचारले, ‘कधी सुरू झालं?’ ‘सहाला.’ त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. मेंदूच्या डाव्या बाजूची एक मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली होती. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते, ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आम्हाला पाच तास झाले होते. अर्धा तास आम्ही तेल चोळण्यात घालवला की वाट पाहण्यात, ते आता कोण सांगणार.

चौथ्या दिवशी अम्मी उशाशी बसून सूरह फातिहा पढत होती. मध्येच तिला हुंदका आला आणि ती थांबली. अब्बांनी पुढची आयत उचलली आणि शेवटपर्यंत पढली. एकही शब्द चुकला नाही, उच्चार स्पष्ट. आम्ही सगळे धावलो. अम्मी म्हणाली, ‘अब पानी मांगो, बोलो पानी.’ अब्बा तोंड हलवत राहिले. ‘पानी’ आले नाही. आमची नावेही आली नाहीत.

स्पीच थेरपिस्ट मॅडमनी समजावले की बहुतेक लोकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूवरून या शोधाची सुरुवात केली. तो माणूस वर्षानुवर्षे फक्त ‘तान’ एवढेच बोलत असे. पण पाठ झालेल्या ओळी, आठवड्याचे वार, आकड्यांची मोजणी अशा गोष्टी एकमेकींना धरून चालतात. त्या पुष्कळदा वाचतात, आणि त्यात उजव्या बाजूचाही हात असावा असे मानले जाते. त्यांनी अब्बांना विचारले, ‘किती नातवंडं?’ काही नाही. मग त्या म्हणाल्या, ‘चला मोजू, एक...’ अब्बा म्हणाले, ‘एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.’ सहावर थांबले. आमच्या आपाची चार आणि आमची दोन. बरोबर सहा. आणि मोजले ते मराठीत, दुकानाच्या भाषेत.

धाकटा तेव्हा सातवीत होता. मेंदूसारखे कॉम्प्युटर बनवतात असे त्याने कुठेतरी वाचले होते. त्याने सरळ विचारले, ‘मग दादांच्या मेंदूचा बिघडलेला तुकडा तसा बनवून बसवता नाही येत का?’

आम्ही भाषा शिकवणारी माणसे. विज्ञानाचा हात बारावीत सुटला तो सुटलाच. पण प्रश्न असा होता की ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून उडवता येईना. रात्री अब्बांजवळ पाळीने जागावे लागे. त्या जागरणात मोबाईलवर वाचायला सुरुवात केली. आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री पडद्यावर एक घुबड दिसले.

ते घुबड ओळखीचे होते. १९९१ च्या सुमारास आम्ही आठवीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी आम्हा मुलांना जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या शाळेत नेले होते. तिथे एका खोलीत चपला बाहेर काढून, रांगेने, हात मागे बांधून कॉम्प्युटर पाहायचा होता. फिकट रंगाचा, टाइपरायटरसारखा, वरच्या ओळीत लालसर बटणे, आणि कोपऱ्यात ठिपक्यांनी काढलेले घुबड. हात लावायची परवानगी नव्हती. एरवी तो कपाटात कुलपात असे. बीबीसी मायक्रो त्याचे नाव. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना आणली आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांना इंग्लंडहून आलेले हे कॉम्प्युटर मिळाले. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला होता, घुबड काढलेली वस्तू कोणी घरात ठेवेल का?

हा कॉम्प्युटर केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवला आणि बनवणाऱ्यांत स्टीव्ह फर्बर नावाचे तरुण इंजिनियर होते. पुढे त्यांनी आणि सोफी विल्सन यांनी ‘आर्म’ नावाचा प्रोसेसर आखला. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हातात आली. ती किती वीज खाते हे मोजायला मीटर लावला तर काटा शून्यावर, आणि चिप मात्र मजेत काम करते आहे! शोधल्यावर कळले की मुख्य वीज जोडायचीच राहिली होती. आजूबाजूच्या तारांतून जी थोडी वीज झिरपत होती तिच्यावरच चिप चालली होती. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये याच घराण्याची चिप असते. म्हणजे ज्या मोबाईलवर आम्ही हे वाचत होतो त्यातही.

तेच फर्बर १९९० मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गेले आणि मेंदूच्या मागे लागले. त्यांचे प्रश्न दोन होते. खूप साऱ्या लहान प्रोसेसरांचा कॉम्प्युटर मेंदू समजायला मदत करील का? आणि मेंदू समजला तर, काही भाग बिघडले तरी चालत राहणारा कॉम्प्युटर बनवता येईल का? दुसरा प्रश्न वाचला तेव्हा अब्बा शेजारी झोपले होते.

आता साध्या कॉम्प्युटरमध्ये आणि मेंदूत फरक काय, तो आम्हाला दुकानावरून समजला. समजा एक कारागीर आहे, हात विजेसारखा, पण सगळे कापड वरच्या माळ्यावर. प्रत्येक तुकड्यासाठी पोऱ्याने शिडी चढायची, तुकडा आणायचा, शिवून झाला की परत वर ठेवायचा. कारागीर कितीही चपळ असला तरी वेळ आणि ताकद शिडीवरच जाते. साधा कॉम्प्युटर असा आहे. हिशेब करणारा भाग एकीकडे, स्मरण दुसरीकडे. मेंदूत माळा नाही. सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, प्रत्येकीचे हजारो पेशींशी धागे. एखादीकडे पुरेसे इशारे आले की ती एक ठोका पुढे पाठवते, नाही आले तर गप्प बसते. शिकलेले जे काही आहे ते या धाग्यांच्या घट्ट-सैल असण्यात. ठेवणारा आणि काम करणारा एकच. आणि या सगळ्या कारभाराला वीज लागते सुमारे २० वॅट.

साध्या पद्धतीने मेंदूची नक्कल करायला गेले तर काय होते ते २०१३ मध्ये जपानमध्ये दिसले. ‘के’ नावाच्या महासंगणकाचे ८२,९४४ प्रोसेसर लावून १७३ कोटी कृत्रिम चेतापेशींचे जाळे चालवले. मेंदूतला एक सेकंद पुरा व्हायला यंत्राला ४० मिनिटे लागली.

फर्बर यांच्या यंत्राचे नाव स्पिनेकर. २०१८ मध्ये त्याचे दहा लाख प्रोसेसर एकत्र चालू झाले. सगळे ‘आर्म’ घराण्यातले, एकेक अगदी साधा, पण एकमेकांना सतत बारीक निरोप पाठवणारे. निरोप म्हणजे पोस्टकार्ड समजा, ‘अमक्या पेशीने ठोका दिला’ एवढेच लिहिलेले. वाटेत कोंडी झाली तर यंत्र एखादे कार्ड सरळ टाकून देते आणि पुढे जाते. बँकेच्या कॉम्प्युटरने असे केले तर हाहाकार होईल. इथे चालते, कारण मेंदूतही एका निरोपावर काही अडत नाही. बिघडलेले प्रोसेसर वगळून कामाची मांडणीही करता येते. असे असूनही या यंत्राचे लक्ष्य माणसाच्या मेंदूच्या एक टक्का, म्हणजे साधारण १०० कोटी पेशींची नक्कल, मेंदूच्याच वेगाने. आणि वीज? १०० किलोवॅटपर्यंत. आमच्या वर्गात ५८ मुले बसतात. त्यांचे सगळे मेंदू मिळून १,१६० वॅट, एका गिझरपेक्षा कमी. (ती वीज मराठीच्या तासाला कुठे खर्च होते हा वेगळा विषय.)

त्याच रात्री आणखी एक आकडा वाचला आणि तो वाचला नसता तर बरे झाले असते. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली आणि उपचार झाला नाही तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये एका अमेरिकन मेंदूतज्ज्ञाने मांडला आहे. शिक्षकाच्या हाताला कागद दिसला की गणित केल्याशिवाय राहवत नाही. सहा ते अकरा, तीनशे मिनिटे. गुणिले १९ लाख. ५७ कोटी. मँचेस्टरच्या त्या कपाटांच्या रांगेत जितक्या पेशींची नक्कल करू पाहतात, त्याच्या निम्म्याहून जास्त पेशी आम्ही एका सकाळी तेल चोळत घालवल्या होत्या.

हे सरासरीचे गणित आहे, प्रत्येक माणसाला तंतोतंत लागू होत नाही, हे कळते. तो कागद बरेच दिवस घरात कोणाला दाखवला नाही. मग अम्मीच्या हाती लागला. तिला आकडे कळले नाहीत, पण तोंडे पाहून बाकीचे कळले. ती एवढेच म्हणाली, ‘साडेनऊतक मैं भी तो घर में च थी.’

धाकट्याचा प्रश्न तसाच होता. त्याच्यासाठी आणखी वाचले. आपल्याकडचे एक नाव मिळाले तेव्हा बरे वाटले. धर्मेंद्र मोधा, आयआयटी मुंबईत शिकलेले. त्यांच्या चमूने अमेरिकेत आयबीएममध्ये २०१४ साली ‘ट्रूनॉर्थ’ चिप बनवली. टपाल तिकिटाएवढ्या जागेत दहा लाख कृत्रिम चेतापेशी, २५ कोटी ६० लाख जोडण्या, आणि खर्च सुमारे ७० मिलीवॅट, म्हणजे एलईडीच्या एका बारीक दिव्याइतका. धाकटा खूश झाला. पण पुढे वाचले तर असे की या चिपला स्वतः शिकता येत नाही. शिकवायचे दुसऱ्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आणि जोडण्यांचे आकडे हिच्यात भरायचे. एकदा भरले की हिच्यापुरते ठरले. अब्बांच्या डोक्यात मात्र कोणी आकडे भरायला गेले नव्हते. मॅडम रोज पंचेचाळीस मिनिटे त्यांच्याकडून चित्रे ओळखून घेत, शब्द गुणगुणून घेत, आणि आतले धागे आपले आपण नव्या वाटा काढत होते. अगदी सावकाश. तीन महिन्यांत ‘चाय’, ‘नको’, ‘हौ’, आणि अम्मीचे नाव.

मोठमोठ्या घोषणाही वाचल्या. २००९ मध्ये हेन्री मार्क्रम या शास्त्रज्ञांनी भर सभेत सांगितले होते की दहा वर्षांत माणसाच्या मेंदूची नक्कल तयार होऊ शकेल. २०१३ मध्ये युरोपने त्यासाठी भलामोठा प्रकल्प उभारला. पुढच्याच वर्षी शेकडो मेंदूशास्त्रज्ञांनी पत्र लिहून त्याच्या दिशेवर हरकत घेतली. २०२३ मध्ये प्रकल्प संपला. मेंदूचे बारीक नकाशे, नवी साधने, बरेच काही हाती लागले. स्पिनेकरलाही त्यातून बळ मिळाले. पेटीतला मेंदू मात्र काही झाला नाही. आमच्या मते त्यात लाजण्यासारखे काही नाही, फक्त दहा वर्षे म्हणायला नको होते. एका इवल्याशा किड्याच्या अंगात ३०२ चेतापेशी असतात. त्यांच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्येच छापून आला. त्यावरून त्या किड्याचे सगळे वागणे कॉम्प्युटरवर जसेच्या तसे उतरवणे अजून जमलेले नाही. कोणती पेशी कुठे जोडली आहे हे कळले, तरी प्रत्येक जोडणी किती जोराची, ती कधी बदलते, हे नकाशात नसते. गावातल्या सगळ्या गल्ल्या ठाऊक असल्या म्हणून कोणाचे कोणाशी किती पटते ते थोडेच कळते?

थोरलीने मध्येच तोंड घातले, ‘मोबाईलवरचं एआय पण न्यूरल नेटवर्कच आहे ना?’ आहे. पण मेंदूशी त्याचे नाते चुलत-चुलत आहे. कल्पना तिथून घेतली, पुढे संसार वेगळा थाटला. चालते ते शिडी-माळ्याच्याच यंत्रावर, आणि वीजही तशीच खाते.

मग बसवायच्या तुकड्याचे काय? त्याच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट २०२३ ची. कॅलिफोर्नियात एका बाईंना मेंदूच्या झटक्याने वाचा गेली होती, अठरा वर्षे झाली होती. डॉक्टरांनी मेंदूच्या पृष्ठभागावर २५३ तारांची पातळ पट्टी बसवली. त्या मनात बोलण्याचा प्रयत्न करतात, कॉम्प्युटर ते ओळखतो आणि पडद्यावरचा चेहरा बोलतो, मिनिटाला सुमारे ७८ शब्द. वाचताना आमचे डोळे भरून आले. धाकटा तर उठून उभा राहिला. पण त्यांची भाषा शाबूत होती, ती तोंडापर्यंत नेणारा रस्ता तुटला होता. अब्बांचे उलट आहे. तोंड हलते, रस्ता आहे. शब्द जिथे तयार होतो ती जागाच गेली. तिथून तारेने उचलायचे काय?

हे त्याला सांगणे जिवावर आले होते. गच्चीवर बसवून सांगितले. तुकडा बसवता येत नाही, आज तरी नाही, आणि कधी येईल ते सांगता येत नाही. ज्यांनी यंत्र बनवले तेच विचारताहेत की मेंदू मोडूनही चालतो कसा. त्याने बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाला, ‘कॉम्प्युटरला अठ्ठावीस पाहिजे तर तो डायरेक्ट उचलतो. दादांना एकपासून जावं लागतं. पण कॉम्प्युटरची ती जागा खराब झाली तर अठ्ठावीस गेलंच ना? दादांचं गेलं नाही.’ आम्ही त्याला हे असे सांगितले नव्हते.

तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये, पुस्तक उघडण्याआधी, आम्ही फळ्यावर चार शब्द लिहितो: चेहरा, हात, बोलणे, वेळ. चेहरा एकीकडे झुकला, हात वर राहीना, बोलणे अडखळले, तर वेळ घालवायची नाही. १०८ ला फोन करायचा. मुलांनी ते घरी जाऊन सांगायचे. एका पालकाने विचारले, मराठीच्या बाई-सर हे का शिकवतात? शब्दांचेच आहे म्हणून, असे सांगून टाकले.

यंदा रमजानच्या शेवटच्या दिवसांत अब्बांनी हातवारे करून टेप मागितला. धाकट्याच्या ईदच्या कुर्त्याचे माप घ्यायचे होते. उजव्या हाताची बोटे अजून नीट मिटत नाहीत, म्हणून टेपचे एक टोक धाकट्यानेच धरले. दुसरे अब्बांच्या डाव्या हातात. छाती घेतली. अब्बांनी टेपवर पाहिले आणि सुरू केले, ‘एक, दोन, तीन...’ अम्मी हातातले काम ठेवून पाहत राहिली. मराठीत प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, एकोणीस, तेवीस, सत्तावीस, आमची चौथीतली मुलेही अडखळतात. अब्बा एकही न चुकता अठ्ठावीसवर आले आणि थांबले. माप साडेअठ्ठावीस होते. ‘साडे’ मोजणीच्या वाटेत कुठेच लागत नाही. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणून इतकुशी फट दाखवली.

‘साडे,’ धाकटा म्हणाला आणि वहीत लिहिले. अब्बांनी बाहीसाठी टेप खांद्याला लावला, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.